रोजच्या वापरासाठी एसयूव्ही, सेडान की पिकअप? कोवलमच्या रस्त्यावरील तीन गरजा आणि त्यांचा हिशेब

कोवलम (चेन्नई) : चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, बंगालच्या उपसागराच्या काठी कोवलम हे मच्छीमारांचे गाव आहे. केरळमधील त्याच नावाच्या प्रसिद्ध किनाऱ्याहून ते वेगळे. तमिळनाडूतील हे कोवलम चेंगलपट्टू जिल्ह्यात येते. लाटांवरील सर्फिंगसाठी ते ओळखले जाते आणि येथील किनाऱ्याला २०२१मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. चेन्नईहून पुदुच्चेरीकडे जाणारा पूर्व किनारा मार्ग, अर्थात ईसीआर, गावाला लागूनच जातो. केळंबाक्कमच्या दिशेने काही किलोमीटर गेले की सिरुसेरीच्या माहिती तंत्रज्ञान संकुलाकडे नेणारा जुना महाबलीपुरम मार्ग लागतो.

त्यामुळे या एकाच परिसरात वाहनाच्या तीन निरनिराळ्या गरजा शेजारी शेजारी दिसतात. मासळी आणि बर्फ वाहून नेणाऱ्याला मालवाहू वाहन हवे असते. कार्यालयात ये-जा करणाऱ्याला कमी इंधनात चालणारी मोटार हवी असते. पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या वस्तीत राहणाऱ्याला जमिनीपासून उंच असलेली गाडी सुरक्षित वाटते. एसयूव्ही, सेडान आणि पिकअप यांतून रोजच्या वापरासाठी काय निवडावे, हा प्रश्न आज देशभरातील कुटुंबांपुढे आहे. त्याचे उत्तर गाडीच्या आकारापेक्षा रोजचा रस्ता, रोजचे अंतर आणि रोजचे ओझे यांवर अधिक अवलंबून असते.

बाजाराचा कल

वाहन उत्पादकांची संघटना ‘सियाम’च्या आकडेवारीनुसार २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली. त्यांपैकी सुमारे २८ लाख, म्हणजे जवळजवळ ६५ टक्के, ‘युटिलिटी’ गटातील होती. या गटात एसयूव्हींबरोबर बहुआसनी वाहनेही मोजली जातात. सेडान आणि हॅचबॅक मिळून विक्री सुमारे साडेतेरा लाखांवर राहिली.

या बदलामागे करप्रणालीचाही वाटा आहे. २००६-०७च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच्या इंजिनाच्या ‘लहान मोटारीं’वरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. तेव्हापासून कंपन्या चार मीटरच्या आत बसतील अशी वाहने आखू लागल्या. प्रथम डिकी आखूड केलेल्या सेडान आल्या आणि पुढे त्याच लांबीत उभट बांध्याच्या एसयूव्ही आल्या. त्यांतील गाजलेली फोर्ड इकोस्पोर्ट २०१३मध्ये बाजारात आली. ती चेंगलपट्टू जिल्ह्यातीलच मरैमलै नगर येथील कारखान्यात तयार होत असे. सप्टेंबर २०२१मध्ये कंपनीने भारतातील मोटारनिर्मिती थांबवण्याची घोषणा केली. मात्र तिने रुजवलेला छोट्या एसयूव्हीचा प्रकार आज बाजाराच्या केंद्रस्थानी आहे.

नाव मोठे, फरक किती?

एसयूव्ही म्हटले की शिडीसारख्या भक्कम सांगाड्यावर उभी, चारही चाकांना शक्ती पुरवणारी गाडी डोळ्यांपुढे येते. शहरात दिसणाऱ्या बहुतेक एसयूव्ही मात्र तशा नसतात. त्यांचा सांगाडा आणि कवच सेडानप्रमाणे एकसंध असते व इंजिनाची शक्ती पुढच्या दोन चाकांनाच मिळते. चिखलात किंवा वाळूत रुतल्यावर अशा गाडीची क्षमता सेडानहून फारशी वेगळी नसते. कोवलमच्या वाळूत उतरण्यापूर्वी ही गोष्ट लक्षात घेतलेली बरी.

पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यातील दोन गाड्यांवरून हे स्पष्ट होते. स्कोडाची स्लाव्हिया ही सेडान आणि कुशाक ही एसयूव्ही एकाच मूळ मांडणीवर बांधलेल्या आहेत. दोन्हींच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २,६५१ मिलिमीटर आहे. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार रिकाम्या स्थितीत स्लाव्हियाची जमिनीपासूनची उंची १७९ मिलिमीटर, तर कुशाकची १८८ मिलिमीटर आहे. हा फरक एक सेंटिमीटरही भरत नाही. डिकीच्या बाबतीत पारडे उलट फिरते. स्लाव्हियात ५२१ लिटर सामान मावते, कुशाकमध्ये ३८५ लिटर. म्हणजे एसयूव्हीत जागा अधिकच असते, ही समजूत प्रत्येक वेळी खरी ठरत नाही.

उंच बांध्याचे फायदे नाहीत असे नव्हे. आसन उंचावर असल्याने पुढचा रस्ता दूरवर दिसतो. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना खाली वाकून बसण्यापेक्षा कमरेच्या पातळीवरील आसनावर सरकणे सोपे जाते. ओबडधोबड गतिरोधकांवर आणि कच्च्या रस्त्यांवर गाडीचा तळ घासण्याची भीती कमी होते. मात्र आसन फारच उंच असेल, तर त्याच ज्येष्ठांना पायरीचा आधार घेऊन चढावे लागते. म्हणून घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला प्रत्यक्ष बसवून पाहावे. माहितीपत्रकातील आकड्यांपेक्षा ही परीक्षा अधिक उपयोगी ठरते.

इंधनाचा हिशेब

कोवलमहून चेन्नई शहरात जाऊन परतायचे तर रोज सुमारे ८० किलोमीटर होतात. महिन्याचे २५ कामकाजी दिवस धरले, तर हे अंतर २,००० किलोमीटर भरते. इतक्या वापरात मायलेजमधील लहान फरकही जाणवू लागतो.

चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टै येथील ह्युंदाईच्या कारखान्यात व्हर्ना ही सेडान आणि क्रेटा ही एसयूव्ही दोन्ही तयार होतात. दीड लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनासह आणि मॅन्युअल गिअरसह व्हर्नाचे प्रमाणित मायलेज लिटरला १८.६ किलोमीटर, तर २०२४मध्ये आलेल्या क्रेटाचे १७.४ किलोमीटर जाहीर झाले आहे. दरमहा २,००० किलोमीटरला व्हर्नाला सुमारे १०७.५ लिटर आणि क्रेटाला सुमारे ११५ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०० रुपये धरल्यास फरक महिन्याला सुमारे ७४० रुपयांचा, म्हणजे वर्षाला नऊ हजारांच्या आसपास पडतो. हा फरक मुख्यतः वजन आणि वाऱ्याचा विरोध यांतून येतो. गाडीचा समोरील भाग जितका उंच व रुंद, तितकी हवा बाजूला सारण्यासाठी अधिक शक्ती खर्च होते. ईसीआरसारख्या मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला की हा विरोध झपाट्याने वाढतो. शहराच्या कोंडीत तो फारसा जाणवत नाही.

इंजिनही वेगळे असेल तर तफावत अधिक रुंदावते. मारुती सुझुकीची डिझायर आणि ब्रेझा यांची लांबी सारखीच, ३,९९५ मिलिमीटर आहे. १.२ लिटर इंजिनाच्या मॅन्युअल डिझायरचे जाहीर मायलेज २४.७९, तर १.५ लिटर इंजिनाच्या ब्रेझाच्या मॅन्युअल गिअरच्या वरच्या श्रेणीचे १९.८९ किलोमीटर आहे. त्याच २,००० किलोमीटरच्या हिशेबाने दरमहा सुमारे २० लिटरचा फरक पडतो. पाच वर्षांत तो १ लाख २० हजार रुपयांच्या घरात जातो. प्रत्यक्ष रस्त्यावरील मायलेज प्रमाणित आकड्यांपेक्षा कमी असते. परंतु दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी हे आकडे उपयोगी पडतात. महिन्याला ३००-४०० किलोमीटरच गाडी चालवणाऱ्याला हा मुद्दा इतका महत्त्वाचा नाही. त्याने इंधनापेक्षा किंमत, विमा आणि गाडी उभी करण्याची जागा यांकडे आधी पाहावे.

कराच्या रेषा

वस्तू व सेवा कर परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५च्या बैठकीतील निर्णयानुसार २२ सप्टेंबर २०२५पासून मोटारींवरील कराची रचना बदलली. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल किंवा १,५०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या डिझेल इंजिनाच्या मोटारींवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के कर आहे. पूर्वीचा उपकर रद्द झाला. विजेवरील मोटारींवरील ५ टक्के दर कायम राहिला. मालवाहू वाहनांवरील दर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला.

यात लांबी आणि इंजिन या दोन्ही अटी एकत्र पाहिल्या जातात. म्हणूनच लांबी समान असूनही १.२ लिटरची डिझायर १८ टक्क्यांत आणि १.५ लिटरची ब्रेझा ४० टक्क्यांत बसते. १.२ लिटर इंजिनाच्या ह्युंदाई व्हेन्यू किंवा टाटा नेक्सॉनसारख्या छोट्या एसयूव्हींना मात्र कमी दराचा लाभ मिळतो. एसयूव्ही म्हणजे जास्त कर, हे सरसकट सूत्र त्यामुळे लागू पडत नाही.

राज्यांचा वाहनकर वेगळा असतो. तमिळनाडूत नोव्हेंबर २०२३पासून ५ ते १० लाख रुपये किमतीच्या मोटारीवर १३ टक्के, तर १० ते २० लाखांच्या मोटारीवर १८ टक्के आजीवन कर आहे. ९ लाख ९० हजारांच्या गाडीवर १ लाख २८ हजार ७०० रुपये, तर साडेदहा लाखांच्या गाडीवर १ लाख ८९ हजार रुपये कर होतो. किमतीत ६० हजारांची वाढ झाली की करातही तितकीच वाढ होते. महाराष्ट्रात पेट्रोल मोटारीसाठी हेच दर ११ आणि १२ टक्के असल्याने ही उडी सुमारे १७ हजारांची ठरते. नोकरीनिमित्त दोन राज्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी गाडी कोठे नोंदवायची याचा विचार खरेदीपूर्वीच करावा.

पाणी : उंचीचा भ्रम

दक्षिण चेन्नईतील पल्लिकरणै पाणथळीचे पाणी ओक्कियम मडुवु आणि बकिंगहॅम कालव्यातून वाहत येऊन कोवलमच्या खाडीमार्गे समुद्राला मिळते. मुसळधार पावसात हा निचरा अपुरा पडला की वरच्या भागातील वस्त्या पाण्याखाली जातात. डिसेंबर २०१५चा महापूर आणि डिसेंबर २०२३चे मिचॉन्ग चक्रीवादळ या दोन्ही वेळी चेन्नईत असंख्य मोटारी बुडाल्या. या अनुभवामुळे ऑक्टोबर २०२४मध्ये अतिवृष्टीचा इशारा मिळताच वेळाचेरीतील रहिवाशांनी आपल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन उभ्या केल्या. त्यांत सर्व प्रकारच्या मोटारी होत्या. २६ जुलै २००५ची मुंबई किंवा जुलै २०२१चे चिपळूण आठवणाऱ्या वाचकांना ही खबरदारी समजणे अवघड नाही.

उंच गाडी घोटाभर पाण्यातून निर्धास्त जाते, हे खरे. परंतु वाहत्या पाण्यात उंचीचा लाभ लवकर संपतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या इशाऱ्यानुसार सुमारे ३० सेंटिमीटर वाहते पाणी लहान मोटारीला, तर सुमारे ६० सेंटिमीटर पाणी एसयूव्ही आणि पिकअपसह बहुतेक वाहनांना वाहून नेऊ शकते. महिंद्रा थारसाठी ६५० मिलिमीटर आणि टोयोटा हायलक्ससाठी ७०० मिलिमीटर अशी पाण्यातून जाण्याची कमाल खोली सांगितली जाते. ती संथ पाण्यासाठी आणि अत्यंत कमी वेगासाठी असते, आणि पाण्याखालील खड्डा किंवा उघडे गटार कोणत्याही मापात बसत नाही.

इंजिनात पाणी शिरले की दुरुस्तीचा खर्च मोठा असतो. पाणी शिरल्यावर पुन्हा इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान साध्या सर्वसमावेशक विम्यातून सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी ‘इंजिन संरक्षण’ हे जादा कलम घ्यावे लागते. पूरप्रवण भागात राहणाऱ्यासाठी हे कलम आणि गाडी उंचावर उभी करण्याची जागा या दोन गोष्टी काही सेंटिमीटर जादा उंचीपेक्षा मोलाच्या आहेत. बंद पडलेली गाडी पाण्यातून बाहेर काढल्यावर ती सुरू न करता ओढून नेणे, हाच योग्य मार्ग.

समुद्रकाठी आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे खारा वारा. गाडी कोणतीही असो, तळभाग आणि चाकांच्या कमानी गोड्या पाण्याने नियमित धुणे आणि गंजरोधक लेप देणे येथे गरजेचे ठरते. बर्फाचे खारट पाणी ठिबकणाऱ्या मालवाहू वाहनांना तर त्याची अधिकच गरज असते.

सुरक्षितता : आतल्यांची आणि बाहेरच्यांची

मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हा समज चाचण्यांतून पूर्णतः सिद्ध होत नाही. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०२२मध्ये कुशाकला आणि २०२३मध्ये त्याच मांडणीवरील स्लाव्हियाला पाच तारे मिळाले. नोव्हेंबर २०२४मध्ये चार मीटरच्या आतील डिझायरनेही पाच तारे मिळवले. सांगाड्याची घडण, एअरबॅग आणि स्थैर्यनियंत्रण प्रणाली यांवर गुण ठरतात. ‘भारत एनकॅप’ हा देशाचा स्वतःचा कार्यक्रम १ ऑक्टोबर २०२३पासून लागू आहे. तो साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी वाहनांसाठी आहे. मालवाहू पिकअप त्याच्या कक्षेत येत नाहीत.

उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो. भर वेगात अचानक वळवल्यास ती कलंडण्याचा धोका सेडानपेक्षा अधिक असतो. स्थैर्यनियंत्रण प्रणाली हा धोका बराच कमी करते. म्हणून एसयूव्ही घेताना सनरूफ नसला तरी चालेल, पण ही प्रणाली असलेलीच श्रेणी घ्यावी.

गाडीबाहेरील माणसांचा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२ हजार ८२५ पादचारी होते. त्या वर्षी सर्वाधिक अपघात तमिळनाडूत नोंदले गेले. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांच्या बॉनेटची पुढील कड एक मीटरहून उंच आहे अशी वाहने ठेंगण्या व उतरत्या बॉनेटच्या मोटारींच्या तुलनेत पादचाऱ्याच्या मृत्यूस कारण ठरण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. उंच बॉनेट पायांऐवजी छाती आणि डोक्यावर आघात करते. लहान मूल त्याआड दिसतही नाही. ईसीआरच्या कडेने पायी, सायकलवर आणि दुचाकीवर लोक ये-जा करतात. जेथे घराच्या फाटकातून गाडी मागे घ्यावी लागते, तेथे मागील कॅमेरा ही चैनीची वस्तू मानू नये.

पिकअप : व्यवसायाची की हौसेची?

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हणून घराघरांत वापरली जाणारी गाडी आपल्याकडे पिकअप या नावाने ओळखली जाते. भारतात तिचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग पिवळ्या पाटीच्या मालवाहू वाहनांचा. २००५मध्ये आलेल्या टाटा एसला महाराष्ट्रात ‘छोटा हत्ती’ म्हणतात, आणि तमिळनाडूत त्याच अर्थाचे ‘कुट्टी यानै’ हे नाव रूढ आहे. मासळी, भाजी, फर्निचर असा माल रोज वाहणाऱ्याला याहून सोयीचे वाहन नाही. दुसरा वर्ग दुहेरी केबिनच्या, पांढऱ्या पाटीवर खासगी नोंदणी होऊ शकणाऱ्या पिकअपचा. टोयोटा हायलक्स आणि चेन्नईच्या उत्तरेस आंध्र प्रदेशातील श्री सिटी येथे तयार होणारी इसुझू व्ही-क्रॉस ही त्याची उदाहरणे.

दुसऱ्या वर्गातील गाड्या रुबाबदार आणि दणकट असतात, पण रोजच्या शहरी वापरात त्यांच्या मर्यादा उघड होतात. हायलक्सची लांबी ५,३२५ मिलिमीटर आहे, डिझायरपेक्षा १.३३ मीटर जास्त. अनेक गृहसंकुलांत गाडी उभी करण्याच्या चौकटीत ती मावत नाही. ओझे पेलण्यासाठी मागे पट्ट्यांच्या स्प्रिंगा असल्याने रिकामी पिकअप खड्ड्यांत उसळते. मागचा हौदा उघडा असल्याने पावसात सामान भिजते आणि बाजारात ते सोडून जाता येत नाही. सर्फबोर्डासारखी लांब वस्तू अधूनमधून न्यायची असेल, तर सेडान किंवा एसयूव्हीच्या छपरावरील पट्ट्याही पुरतात.

मालवाहू पिकअप घरगुती कामासाठी वापरू पाहणाऱ्यांनी कायद्याची बाजू समजून घ्यावी. तिला व्यावसायिक नोंदणी, ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र आणि वेगमर्यादक लागू होतो. परवान्याचा प्रश्न मात्र सुटला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवू शकते. परंतु हौद्यात माणसे बसवून नेणे नियमबाह्य आहे. अपघात झाल्यास अशा प्रवाशांच्या भरपाईचा दावा विमा कंपनी नाकारू शकते आणि तो भार वाहनमालकावर येऊ शकतो. लग्नकार्य किंवा जत्रेसाठी गावाकडे सर्रास दिसणारी ही पद्धत कुटुंबाला आयुष्यभराच्या कर्जात लोटू शकते.

निवड कशी करावी?

वाहन घेण्यापूर्वी मागील तीन महिन्यांतील प्रवास कागदावर मांडावा. रोजचे अंतर किती, गाडीत सहसा किती माणसे असतात, रस्ता किती खराब, पाणी किती वेळा तुंबते आणि अवजड सामान वर्षातून किती दिवस न्यावे लागते, या पाच प्रश्नांची उत्तरे पुरेशी आहेत. वर्षातून दोनदा डोंगरात जाण्यासाठी किंवा एकदा घर हलवण्यासाठी मोठी गाडी विकत घेण्यापेक्षा त्या दिवसांपुरती ती भाड्याने घेणे स्वस्त पडते.

दररोज ५० किलोमीटरहून अधिक अंतर चांगल्या रस्त्याने कापणाऱ्या आणि चौघांपर्यंतच्या कुटुंबाला सेडान अधिक लाभदायक ठरते. रस्ता खडबडीत असेल, ज्येष्ठांना वाकून बसणे कठीण जात असेल किंवा गतिरोधकांवर तळ घासत असेल, तर १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची छोटी एसयूव्ही खर्च आणि सोय यांचा मेळ घालते. चारचाकी शक्तीची मोठी एसयूव्ही ज्यांना खरोखर चिखल, वाळू किंवा घाट यांना नेहमी तोंड द्यावे लागते त्यांच्यासाठी आहे. पिकअप तिच्या हौद्यातून रोज कमाई होत असेल तेव्हाच परवडते.

अंतिम निर्णयापूर्वी चाचणी फेरी विक्रेत्याच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता आपल्या नेहमीच्या मार्गावर घ्यावी. सोबत घरची सर्व माणसे असावीत, म्हणजे वजन पडल्यावर गाडी किती खाली बसते हे कळते. घरासमोरील गतिरोधक, इमारतीचा चढ आणि गाडी उभी करण्याची जागा या तीन ठिकाणी ती नेऊन पाहावी आणि मगच आगाऊ रक्कम भरावी.